थंडी आधी की ताप आधी

आमच्या गल्लीत कोणी आजारी पडलं की डॉक्टरांच्या आधी नाना आहेरांना कळायचं. कसं, ते मला आजवर समजलेलं नाही. दुपारी अंग कसकसावं, संध्याकाळी चादर ओढून पडावं, आणि फाटकाची कडी वाजावी. नाना आत यायचे, चपला दाराशी नीट जोडून ठेवायचे आणि पलंगाच्या उशाशी न बसता पायथ्याशी बसायचे. पायथ्याशी बसलं की थरथर नीट दिसते, असं त्यांचं म्हणणं. मग कपाळाला हात न लावता, नाडी न बघता एकच प्रश्न विचारायचे,

"थंडी आधी की ताप आधी?"

उत्तर काहीही द्या. थंडी आधी म्हणालात तर ते मान डोलवायचे. "मलेरियाच शे." ताप आधी म्हणालात तर थोडा विचार करायचे. "थंडी तुमच्या लक्षात आली नसेल. मलेरियाच शे." दोन्ही नाही, नुसतं नाक गळतंय म्हणालात तर, "सुरुवात अशीच असते."

'शे' म्हणजे आहे. नाना मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच शहरी मराठी बोलायचे, पण निकाल द्यायची वेळ आली की त्यांची जीभ गावाकडे वळायची. त्यामुळे निकालाला वजन यायचं. 'मलेरिया आहे' म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. 'मलेरियाच शे' म्हटल्यावर माणूस गोळ्या कुठे मिळतील तेवढंच विचारतो.

मी अंबडच्या एका कारखान्यात कॉस्टिंगचं, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब मांडायचं काम केलं. ज्याला आधार नाही तो आकडा कागदावर घ्यायचा नाही, ही सवय तिथली. तेव्हा नानांची किती निदानं बरोबर आली याची टक्केवारी मी देणार नाही, कारण ती मी ठेवलेली नाही. पण नव्वदच्या दशकात ते पुष्कळदा बरोबर असायचे, एवढं प्रामाणिकपणे लिहायला हवं. आमचं इंदिरानगर तेव्हा वसत होतं. दोन घरं झाली की चार प्लॉट मोकळे, त्यांत गाजरगवत, आणि पाया खणून ठेवलेल्या खड्ड्यांत दिवाळीपर्यंत पाणी. अशा जागी तापाला मलेरिया म्हणणारा माणूस फारसा चुकत नाही. नानांचं दुर्दैव एवढंच की गाव बदललं, डास बदलले, ताप बदलले, आणि नानांचं उत्तर तेच राहिलं.

त्यांची सगळी नोकरी मनमाडला रेल्वेत गेली. बाकीचे लोक नोकरीची वर्षं बढत्यांवरून मोजतात, नाना मलेरियावरून मोजायचे. "प्रशांत झाला तेव्हा माझा चौथा मलेरिया चालू होता," असं ते सहज सांगायचे. प्रशांत म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. एकूण मलेरिया किती झाले, याचा आकडा मात्र स्थिर नव्हता. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा नऊ होता. पुढे अकरा झाला. मुलाच्या लग्नात व्याह्यांसमोर तो चौदावर गेला. मी एकदा विचारलं, "नाना, रिटायर झाल्यावरही आकडा वाढतो कसा?"

"पाठक," ते शांतपणे म्हणाले, "जुनेही आठवतात ना हळूहळू."

मनमाडच्या कुणा वृद्ध डॉक्टरने त्यांना तरुणपणी सांगितलं होतं, की रक्त तपासायचं तर ते थंडी वाजत असताना घ्यावं, तेव्हा जंतू सापडायची शक्यता जास्त. डॉक्टर बहुधा 'शक्यता' म्हणाले असतील. नानांनी त्याचा कायदा केला. थंडी वाजत असताना जंतू रक्तात उतरतो, थंडी गेली की लपून बसतो. लपलेल्या जंतूवर सुई वाया घालवणं हा त्यांच्या मते अडाणीपणा होता.

या कायद्याचा अनुभव मी घेतला आहे. एका ऑक्टोबरात मला सडकून थंडी भरली. आमची ही घाबरून डॉक्टरांकडे निघाली तोवर नाना स्कूटर काढून दारात उभे. मला सोलापुरी चादरीत गुंडाळलं, वर कानाला मफलर बांधला आणि मागे बसवलं. भर दुपार होती. रस्त्यात लोक घामाने निथळत होते आणि मी चादरीत दात वाजवत लॅबकडे चाललो होतो. नाना मागे न बघता सूचना देत होते.

"आवरू नका. वाजू द्या दात."

मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो. ऊन लागलं म्हणून असेल, किंवा शेजारच्या रिक्षातली मंडळी टक लावून बघत होती म्हणून असेल, माझी थंडी गेली. नानांना ते पाठीवर कळलं.

"थांबली?"

"थांबली."

सिग्नल सुटला. नानांनी स्कूटर वळवली आणि मला घरी आणून सोडलं. "परत येईल ती," दारात ते हिला म्हणाले, जणू मोलकरणीबद्दल बोलत होते. एक दिवसाआड ती आली, तेव्हा मात्र त्यांनी सिग्नल टाळून आडरस्त्याने गाडी काढली. रक्तात मलेरिया निघाला. नानांनी पेढे वाटले नाहीत एवढंच.

बाकी माणूस साधा, टापटिपीचा. संध्याकाळ होत आली की घराच्या खिडक्या धडाधड लावून घ्यायचे, कारण मलेरियाचा डास अंधार पडल्यावर निघतो. गल्लीतल्या गटारीत दर आठवड्याला स्वखर्चाने रॉकेल ओतायचे. सकाळी मात्र उघड्या ओसरीवर पेपर वाचत बसायचे, आणि घोट्यांना डास चावत असले तरी हलायचे नाहीत. पांढऱ्या पट्ट्यांचे, बारके डास. मी एकदा म्हणालो, "नाना, पाय फोडून काढलेत की यांनी."

"हे दिवसाचे. यांच्यात दम नसतो," नाना पान उलटत म्हणाले.

त्यांना एकच षोक होता, मनी प्लँटचा. कुंडीतला नव्हे, बाटलीतला. सरबताच्या, औषधाच्या, सॉसच्या, जी रिकामी होईल ती बाटली धुऊन ते तिच्यात वेल लावायचे. घराच्या प्रत्येक खिडकीत, टीव्हीवर, देवघराच्या फळीवर बाटल्या. गल्लीत कोणाचा वाढदिवस असो, बारसं असो, नानांकडून बाटली यायची. आमच्याकडे तीन होत्या. "माती नाही, चिखल नाही, घाण नाही," ते कौतुकाने म्हणायचे. "पाणी बघा. उचलून पिऊन टाकावं असं."

प्रशांतसाठी मुली बघायचं चाललं होतं तेव्हा येवल्याचं एक स्थळ आलं. मुलगी डीएमएलटी झालेली, म्हणजे रक्त तपासायचं शिक्षण घेतलेली. नानांनी पत्रिकाही मागितली नाही. बरोबर कोणी चारचौघांतलं असावं म्हणून मला घेऊन गेले. मुलीचे वडील पैठणीच्या व्यापारातले, बोलायला गोड. पोहे आले, मुलगी आली. तिचं नाव दीपाली. लोक विचारतात ते नानांनी काहीच विचारलं नाही. चमचा बशीत ठेवून म्हणाले,

"रक्त कधी घ्यायचं?"

मुलीने एकदा आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "पेशंट आला की."

"तसं नाही. थंडी वाजताना की नंतर?"

"थंडीत मिळालं तर चांगलंच. पण ती वाजेपर्यंत पेशंट थांबायला नको का, काका?"

मुलीचे वडील घाईघाईने म्हणाले, "तिला तसं म्हणायचं नाहीये." सुमनकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले. परतीच्या एसटीत नाना निफाडपर्यंत तिकिटाच्या घड्या घालत होते. मग म्हणाले, "उद्धट आहे."

"आहे," काकू म्हणाल्या. "आपल्या घरात एक पाहिजेच होती."

लग्न झालं. वर्षभरात दीपालीने घराच्या पुढच्या खोलीत लॅब काढली. मायक्रोस्कोप आला, छोटा फ्रिज आला, दारावर पाटी लागली. नानांनी आनंदाने खोली दिली, पण आपली खुर्ची ओसरीवरून उचलून फाटकाशी आणली. आता लॅबमध्ये जाणारा प्रत्येक जण नानांसमोरून जाणार होता.

पहिल्याच पावसाळ्यात मी पाहिलेला प्रसंग. आमचा दूधवाला बाळू कण्हत कण्हत फाटकाशी आला.

"नाना, अंग लय दुखतंय."

"थंडी आधी की ताप आधी?"

"थंडी नाय. नुसता ताप."

"मग आत्ता कशाला आलास? वाजली की ये."

बाळूने सायकल वळवली. तेवढ्यात खिडकीतून दीपाली म्हणाली, "बाळूभाऊ, आत या."

"नाना म्हणत्यात थंडी नाय."

"थंडीचं मी बघते. तुम्ही या."

बाळू फाटकात अडकला. एक पाय आत, एक बाहेर. सासऱ्याचं ऐकावं की सुनेचं, हे ठरवण्यापेक्षा त्याला तापच बरा वाटत असावा. शेवटी आतून काकू आल्या, त्याची सायकल स्वतः भिंतीला लावली आणि त्याला दंडाला धरून आत नेलं. बाहेर येऊन नानांना म्हणाल्या, "गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच बघतेय."

"दुकान माझं नाही."

"तेच म्हणते मी."

घरात रोज खटके उडायला लागले, तेव्हा काकूंनीच तोड काढली. पेशंट आत जाताना नानांनी आपला निकाल सांगायचा, दीपालीने मायक्रोस्कोपखाली रक्ताची काच बघून आपला. ज्याचं चुकेल त्याने सगळ्या घरासाठी चहा करायचा. नानांनी ही अट हसत मान्य केली, कारण त्यांना गॅस कसा पेटवतात तेही माहीत नव्हतं आणि शिकायची वेळ येईल असं वाटत नव्हतं.

सुरुवातीला दीपालीने बराच चहा केला. ती निगेटिव्ह म्हणायची, पेशंटला चार दिवसांनी पुन्हा थंडी भरायची, आणि दुसऱ्या काचेत मलेरिया सापडायचा. ती खळखळ न करता आधण ठेवायची. पण नवीन शतक उजाडलं तसं पारडं फिरलं. आलेल्यांतल्या कितीतरी जणांचा ताप हा मलेरिया नसायचा. कुणाचा टायफॉइड, कुणाचा साधा पावसाळी ताप, आणि अधूनमधून एक नवीन नाव ऐकू येई, डेंग्यू. नाना त्याला 'फॅशनचा मलेरिया' म्हणत. पण चहा चुकत नव्हता. दोनेक वर्षांत त्यांना आलं किती, गवती चहा कधी, दूध कुठे उतू जातं हे सगळं कळलं. आमच्या गल्लीत त्यांच्याइतका उत्तम चहा कोणी करत नसे. उत्तम चहाला सराव लागतो, यावरून हिशेब ज्याचा त्याने काढावा.

इथवर सगळी गंमतच होती. पैज चहाची होती.

कुंभमेळा होऊन गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सुमनकाकूंना ताप आला. दीपाली आणि प्रशांत एका लग्नाला येवल्याला गेले होते. काकूंनी त्यांना कळवू दिलं नाही, पोरं लग्न सोडून धावत येतील म्हणून. आम्ही दोघं बघायला गेलो तर काकूंच्या अंगावर दोन गोधड्या आणि वर माझ्या ओळखीची ती सोलापुरी चादर, जी मी कधीकाळी नानांच्या स्कूटरवर विसरलो होतो. पंखा बंद. नाना पायथ्याशी बसलेले, नजर काकूंच्या पायांवर.

"अहो, पंखा लावा," काकू म्हणाल्या.

"थंडी यायची आहे अजून."

"ती येईपर्यंत मी उकडून जाईन." मग आमच्या हिला म्हणाल्या, "डोळे हलवले तरी मागे ठणकतं गं. हाडं कुणी कांडल्यासारखी झालीत."

नाना म्हणाले, "मलेरियाच शे. थंडी जरा दबून बसलीय." पण या वेळी त्या वाक्यात नेहमीचा ठसका नव्हता. ते आमच्याकडे बघून बोलले नाहीत, चादरीकडे बघून बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाळिंबं घेऊन गेलो, तेव्हा दीपाली आणि प्रशांत येवल्याहून नुकतेच पोचले होते. दीपालीने पिशवीही खाली ठेवली नव्हती. नानांच्या हातात त्यांचा जुना पत्र्याचा औषधांचा डबा होता आणि ते अंगदुखीची एक गोळी काढत होते.

"ती नको, नाना," दीपाली म्हणाली. "ताप कशाचा ते कळेपर्यंत ती गोळी द्यायची नाही. रक्त यायला लागलं तर थांबत नाही तिने."

"मी जन्मभर घेतलीय."

"तुम्हाला मलेरिया होता."

"हिलाही मलेरियाच शे. थंडी येऊ दे, मग घे रक्त."

कोणी काही बोलायच्या आत गोधडीखालून काकूंचा हात बाहेर आला. "यांच्या थंडीची वाट बघता बघता माझा जीव जायचा. घे गं तू."

दीपालीने पट्टा बांधला तेव्हा आम्हा सगळ्यांना काकूंच्या दंडावर बारीक लाल ठिपके दिसले.

पुढच्या खोलीत ती काच बघत बसली. नाना मागे उभे, मी दारात. काच सरकवायचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"नाही," ती म्हणाली.

"परत बघ."

तिने परत पाहिलं. मग दुसरी काच लावून प्लेटलेट मोजायला घेतल्या. मोजणं अर्ध्यावर आलं तसा तिचा चेहरा बदलला. तिने आकडा सांगितला नाही. प्रशांतला म्हणाली, "रिक्षा आण. आईंना ॲडमिट करायचंय."

"प्लेटलेट मलेरियातही कमी होतात," नाना म्हणाले.

"होतात," ती म्हणाली. "म्हणूनच दोनदा बघितलं."

पण आत वेगळाच पेच. काकूंनी रक्त दिलं खरं, पण हॉस्पिटल म्हटल्यावर त्या उठेनात. जन्मात त्या बाळंतपणाशिवाय दवाखान्यात राहिल्या नव्हत्या. "यांना विचारा," त्या म्हणत राहिल्या. "हे म्हणतात मलेरिया, तर गोळ्यांनी जाईल. कशाला उगाच?" त्यांच्या दाताच्या कडेला किंचित रक्त दिसत होतं. प्रशांत रिक्षा आणायला धावला होता. आता सगळं नानांच्या एका शब्दावर येऊन थांबलं होतं, आणि नाना लॅबच्या दारात उभे होते.

दीपाली उठली. खुर्ची मागे सारून म्हणाली, "तुम्ही बघा."

मला वाटतं त्या यंत्राला नानांनी तोवर डोळा लावलेला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, परत काढला. वाकले.

"काय दिसतंय?"

"गुलाबी टिकल्या."

"आणखी काही?"

"नाही."

तिने ड्रॉवरमधून एक जुनी काच काढली, कुठल्या तरी पेशंटची, शिकाऊ मुलींना दाखवायला ठेवलेली. ती लावून सारखी केली. "आता बघा. टिकलीच्या आत अंगठीसारखं आहे ना? तो मलेरिया."

नाना वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. तीस-पस्तीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, ज्याच्यावरून मुलाचा जन्म लक्षात ठेवला, त्याचं तोंड ते पहिल्यांदा बघत होते.

"एवढाच?" ते म्हणाले.

"एवढाच."

"आणि हिच्यात हा नाही."

"नाही, नाना."

त्यांनी चष्मा घातला, आतल्या खोलीत गेले, आणि पहिल्यांदाच पायथ्याशी न बसता उशाशी उभे राहिले.

"सुमन," ते म्हणाले, "मलेरिया नही शे."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या घरात असं वाक्य तोवर कोणी ऐकलं नव्हतं. पुढच्या क्षणी त्या गोधड्या बाजूला सारून उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मग चला लवकर. माझी चप्पल कुठाय?"

डेंग्यूच निघाला. काकू आठवडाभर हॉस्पिटलात होत्या आणि त्यातले मधले दिवस वाईट गेले, एवढंच लिहितो. नाना कॉटशी बसून राहिले. हळूहळू प्लेटलेट वर आल्या, तशी बघायला येणाऱ्यांची रांग लागली. कोणी पपईच्या पानांचा रस आणला, कोणी शेळीचं दूध, एका भाच्याने किवी नावाचं केसाळ फळ. काकूंनी ते सगळं एकदा चाखून पाहिलं आणि नानांना म्हणाल्या, "यापेक्षा तुमची थंडी बरी होती."

मधल्या एका दिवशी नाना आंघोळीला घरी आले होते. दीपालीने देवघराच्या फळीवरची एक बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. मी डबा द्यायला गेलो होतो, म्हणून मीही पाहिली. वेलाच्या पांढऱ्या मुळांमधून बारीक शेपट्या वळवळत वर येत होत्या, खाली जात होत्या.

"पाणी तर एवढं स्वच्छ आहे," नाना म्हणाले.

"डेंग्यूच्या डासाला साठलेलं, स्वच्छ पाणीच आवडतं. आणि तो दिवसा चावतो."

नानांनी खाली आपल्या घोट्यांकडे पाहिलं.

त्याच दिवशी घरातल्या सगळ्या बाटल्या रस्त्यावरच्या मुरुमात रिकाम्या झाल्या आणि वेल मातीच्या डब्यांत गेले. मग नाना पिशवी घेऊन गल्लीत निघाले. बारशाला दिलेली बाटली, साठीला दिलेली बाटली, प्रत्येक दारात उभं राहून ते परत मागत होते. दिलेली भेट परत मागायला आलेला माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला. आमच्याकडच्या तीन त्यांना तोंडपाठ होत्या. हिने विचारलं, "नाना, काय झालं?"

"चुकीचा माल गेला होता," ते म्हणाले. "परत घेतोय."

माणूस त्यानंतर गप्प झाला असेल असं वाटेल. तसं झालं नाही. काकू घरी आल्या, खुर्ची पुन्हा फाटकाशी आली, फक्त प्रश्न बदलला. आता ते विचारायचे, "डोळ्यांच्या मागे दुखतं का?" दुखतं म्हणालात तर डेंग्यू. नाही म्हणालात तर, "दुखेल."

"नाना, आता सगळ्यांनाच डेंग्यू?" दीपालीने विचारलं.

"काळ बदलला," नाना म्हणाले आणि चहाचं आधण ठेवायला उठले. पैज चालूच होती.

दोन हजार सहा साली चिकनगुनिया आला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वेगळं सांगायला नको. ताप दोन-चार दिवसांत जायचा, पण माणूस वाकलेला राहायचा. सगळी गल्ली भिंतीला धरून चालत होती. कोणाला लोटा उचलवत नव्हता, कोणाला कुलूप उघडवत नव्हतं. कोंबडी खाल्ल्याने होतो, असं अर्ध्या गल्लीचं ठाम मत होतं. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या कोणी कोंबडी खाल्ली नाही आणि आमची ही महिनाभर जिना चढू शकली नाही, याला त्या मतात जागा नव्हती.

नाना फाटकाशी बसून डेंग्यू सांगत होते आणि चुकत होते. मग एका सकाळी खुर्ची रिकामी दिसली. काकूंनी सांगितलं, काही नाही, जरा पडलेत. दुसऱ्या दिवशीही रिकामी. तिसऱ्या दिवशी मी हिचा रिपोर्ट आणायला लॅबमध्ये गेलो.

बाकावर चार-पाच जण बसले होते आणि शेवटी, भिंतीकडच्या टोकाला, नाना. इस्त्रीचा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. घरातल्या दाराने आत न येता ते बाहेरून, फाटकातून येऊन रांगेत बसले होते. दीपालीने एकदा पाहिलं, "नाना, तुम्ही आधी या," म्हणाली. त्यांनी नुसता हात हलवला. त्यांच्या पुढे बाळू दूधवाला होता. त्याला सवयीने भीती वाटली असावी, कारण तो आपणहून सांगायला लागला, "थंडी नाय नाना, पण सांधे..."

"मला कशाला सांगतोस," नाना म्हणाले. "तिला सांग."

त्यांचा नंबर आला. उठताना त्यांनी बाकाचा आणि मग माझ्या खांद्याचा आधार घेतला. स्टुलावर बसले. बाहीचं बटण सोडवायला गेले, पण बोटं मिटत नव्हती. दीपालीने बटण सोडवलं, बाही दुमडून वर केली.

"काय होतंय, नाना?"

मी वाट बघत होतो. बाकावरचे सगळेच वाट बघत होते. आत स्वयंपाकघराच्या दारात काकू हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. निकाल ऐकल्याशिवाय पातेलं कोणी चढवायचं, ते ठरणार नव्हतं.

"तू सांग," नाना म्हणाले.

तिने पट्टा बांधला. सुई बघताच त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. चौदा मलेरियांच्या माणसाला सुईची भीती वाटत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. डोळे मिटूनच ते हळू आवाजात म्हणाले,

"थंडी वाजत नाहीये बरं का. तरी घे."

"पेशंट आला की घ्यायचं," दीपाली म्हणाली.

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आत चहा टाकायला गेल्या.